खीळ आणि टोपण

रणांगणांत दशरथाच्या रथाची खीळ निखळली आणि कैकेयीनें त्या जागीं आपला हात घालून रथ सांवरला, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. वाल्मीकीच्या रामायणांत ती या स्वरूपांत नाहीं. तेथें कैकेयीनें मूर्च्छित राजाला रणांतून बाहेर काढून वांचविलें, एवढेंच सांगितलें आहे. खिळीचा प्रसंग अध्यात्मरामायणांत येतो, आणि लोकांच्या तोंडीं राहिला तो हाच. याचें कारण उघड आहे. राजा, त्याचें धनुष्य, रथावरचा ध्वज आणि पुढचे घोडे हें सारें वैभव बोटाएवढ्या लोखंडी तुकड्यावर अवलंबून असतें, हें बैलगाडीच्या देशांतील श्रोत्यांना निराळें समजावून सांगावें लागत नव्हतें. आखाच्या टोकाला, तुंब्याच्या बाहेर, खीळ नसली म्हणजे चाक गळून पडावयाचेंच, हें त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें असे.

प्रस्तुत लेखाचा विषय हीच खीळ आहे. मात्र ती रथाची नसून वेगवान मोटारीची आहे. ज्या गाड्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतात, त्यांचीं कारखान्यांतून आलेलीं चाकें काढून बाजारांतून आणलेलीं दुसरीं, अधिक रुंद व अधिक तेजस्वी चाकें बसविण्याची हौस आज सर्व देशांत दिसते. चाकांच्या दुकानापुढें घटकाभर उभें राहिलें, कीं या हौसेचा शेवटचा संस्कार पाहावयास सांपडतो. नवें चाक चढतें, नट आवळले जातात, आणि अगदीं शेवटीं दुकानांतला पोरगा तळहाताएवढें एक वाटोळें टोपण घेऊन तें चाकाच्या मधोमध अंगठ्यानें दाबतो. खट्ट असा आवाज होतो. टोपणावर कारखान्याचें बोधचिन्ह असतें. मालक दोन पावलें मागें सरकून तें न्याहाळतो आणि समाधान पावतो. ज्या नटांनीं चाक धरलेलें आहे त्यांच्याकडे त्याची नजर क्वचितच जाते.

या टोपणानें कांहींच धरलेलें नसतें. तें वाटेंत कोठें गळून पडलें तरी गाडी पूर्वीसारखीच धांवते. परंतु जवळजवळ साठ वर्षें शर्यतीच्या आणि शर्यतीच्या वळणाच्या मोटारींत नेमक्या याच जागीं जी वस्तु होती ती शोभेची नव्हती. तीच चाकाची खीळ होती. खिळीचें टोपण कसें झालें, आणि या स्थित्यंतरांत आपण काय मिळविलें व काय विसरलों, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत चाक काढून दुसरें बसवावें ही कल्पनाच नव्हती. पुष्कळशा गाड्यांना तोफेच्या गाड्याच्या धर्तीचीं लांकडी आऱ्यांचीं चाकें असत. तुंब्याच्या तोंडावर तेव्हांही एक धातूचें टोपण असे. पण त्याचें काम वंगण आंत ठेवणें आणि धूळ बाहेर ठेवणें एवढेंच. टायर फुटला म्हणजे चाक जागच्या जागीं ठेवून टायर उपसावयाचा, ट्यूब बदलावयाची, पुन्हां तो टायर धावेवर चढवावयाचा आणि हातपंपानें हवा भरावयाची, असा सारा खटाटोप रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून करावा लागे. घोडागाड्यांच्या त्या काळांत रस्त्यावर नालांच्या खिळ्यांची उणीव नव्हती, त्यामुळें हा प्रसंग वारंवार येई.

या अडचणीवर एक उपाय वेल्समधील लॅनेली या गांवीं निघाला. टॉमस मॉरिस डेव्हीस यानें आपल्या भावाच्या साह्यानें १९०४ मध्यें आऱ्यांवांचूनची एक नुसती धाव तयार केली. तिच्यावर हवा भरलेला टायर आधींच चढविलेला असे. फुटलेल्या चाकाच्या बाजूला ती चिमट्यांनीं घट्ट आवळावयाची आणि घर गांठावयाचें. त्यांचें दुकान ज्या रस्त्यावर होतें त्याचें नांव स्टेपनी स्ट्रीट. त्या रस्त्याचें नांव त्या धावेला मिळालें, आणि धावेची ती पद्धत केव्हांच नाहींशी झाली असली तरी नांव मात्र आपल्याकडे राहून गेलें. मुंबईच्या टॅक्सीवाल्यापासून विदर्भांतल्या ट्रकवाल्यापर्यंत प्रत्येक जण जादा चाकाला आजही 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधल्या एका लहानशा गांवच्या रस्त्याचें नांव आपण रोज घेत असतों, हें त्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत असेल.

दुसरा उपाय शर्यतीच्या मैदानावर सिद्ध झाला. जून १९०६ मध्यें फ्रान्समधील ल मां शहराजवळ पहिली ग्रां प्री शर्यत झाली. १०३ किलोमीटरांचा वळसा बारा वेळां, तोही दोन दिवसांत, म्हणजे एकंदर १,२३८ किलोमीटर जावयाचें होतें. गाडीला हात लावावयाचा तो चालकानें आणि त्याच्या शेजारीं बसणाऱ्या यांत्रिकानें. तिसऱ्याची मदत चालावयाची नाहीं, असा नियम होता. ऊन कडक पडलें. रस्त्यावरचें डांबर वितळलें, खडी उखडून उडूं लागली आणि टायर पटापट फुटूं लागले. जुना टायर चाकूनें कापून काढून नवा चढविण्यास पाव तासही लागे. मिशेलिन कंपनीनें मात्र कांहीं गाड्यांना सुट्या होणाऱ्या धावा पुरविल्या होत्या. आठ नट सोडले कीं जुनी धाव टायरसकट निघे, आणि तयार टायराची नवी धाव तिच्या जागीं बसे. हें काम चार मिनिटांच्या आंत उरके. अडचण एवढीच कीं दर चाकामागें वजन सुमारें ९ किलोंनीं वाढे, आणि गाडीचें वजन तर १,००० किलोंच्या वर जातां कामा नये अशी अट होती. रेनो कंपनीनें मध्यम मार्ग काढून फक्त मागच्या चाकांना या धावा लावल्या. तिचा हंगेरियन चालक फेरेन्स सिस हा शर्यत जिंकला, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला त्यानें ३२ मिनिटांनीं मागें टाकलें. गाडीचा वेग यंत्रांत असतो, अशी समजूत असलेल्या लोकांना वेग नटांतही असतो हें त्या दिवशीं कळलें.

आठ नटांच्या ठिकाणीं एकच नट ठेवला तर? हा पुढचा प्रश्न इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं सुटला. हें शहर सायकलींचें. १८९४ मध्यें दोन कंपन्यांच्या मिलाफांतून निघालेली रज-व्हिटवर्थ ही तेथील मोठी सायकल कंपनी. सायकलवाल्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती गाडीवाल्यांना ठाऊक नव्हती. लांकडी आरा भार दाबानें पेलतो. तार दाब सोसत नाहीं, ती ताण सोसते. ताणलेल्या तारांचें चाक ही कल्पना जॉर्ज केली या इंग्रज संशोधकानें १८०८ मध्येंच मांडली होती. आणि १८७४ मध्यें जेम्स स्टार्ली यानें याच कॉव्हेंट्रींत तारा तुंब्याला तिरप्या लावण्याची युक्ति काढून ती पूर्णत्वास नेली होती. तरीही मोटारीला तारांचीं चाकें लावण्यास लोक भीत. सायकल वळतांना स्वतःच आंत कलते. चारचाकी गाडी कलत नाहीं, म्हणून वळणावर तिच्या चाकावर आडवा जोर येतो. त्या जोरापुढें तारा टिकतील काय, अशी शंका होती.

रज-व्हिटवर्थच्या मालकांपैकीं जॉन प्यू यानें या शंकेचें उत्तर दिलें. १९०६ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानें जें चाक सिद्ध केलें त्यांत तारांच्या तीन रांगा होत्या. आंतल्या दोन रांगांतील तारा तिरप्या असून गाडी सुटतांना व थांबतांना बसणारा पीळ त्या सोसत. बाहेरची रांग सरळ असून वळणाचा आडवा जोर ती घेई. परंतु खरी नवलाई तुंब्यांत होती. आखावर एक आंतला तुंबा कायमचा बसविलेला असे, आणि त्याच्या अंगावर बारीक दांते कापलेले असत. चाकाच्या पोकळ तुंब्यांत त्यांस जुळणाऱ्या खांचा असत. चाक नुसतें सरकवावयाचें, म्हणजे दांत्यांत दांते बसत. मग बाहेरून एकच मोठा नट आवळावयाचा, कीं काम झालें. फिरविण्याचा जोर दांत्यांनीं घ्यावयाचा, आणि चाक आखावरून निसटूं न देण्याचें काम त्या एका नटानें करावयाचें. म्हणजे बैलगाडीची खीळच पुन्हां अवतरली. फक्त आतां तिला आटे होते.

नव्या गोष्टीचें स्वागत प्रथम बंदीनें होतें, असा बहुधा जगाचा नियम आहे. १९०८ च्या ग्रां प्रीसाठीं एस. एफ. एज या इंग्रज गृहस्थानें नेपियर गाड्यांना हीं चाकें लावून नांवें पाठविलीं. फ्रान्सच्या मोटार क्लबानें निर्णय दिला, कीं धाव सुटी असलेली चालेल, सबंध चाक सुटें असलेलें चालणार नाहीं. एजनें आपल्या गाड्या मागें घेतल्या. ७ जुलै रोजीं दिएप येथें शर्यत झाली, आणि टायरांनीं पुन्हां सर्वांची दैना केली. पानार गाडीचा चालक सिसाक व त्याचा यांत्रिक हे दोघेही टायर फुटून झालेल्या अपघातांत प्राणांस मुकले. सुटीं चाकें असतीं तर ते वांचले असते असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु टायर आणि चाक हा विषय मिनिटांचा नसून माणसांचा आहे, हें मात्र त्यावरून दिसून आलें. पुढें बंदी उठली. १९१२ मध्यें त्याच दिएपला प्यूजोची साडेसात लिटरांच्या आसपास यंत्र असलेली गाडी १४ लिटरांच्या फियाटला मागें टाकून जिंकली. त्या प्यूजोला तारांचीं, एका नटाचीं चाकें होतीं. तेव्हांपासून शर्यतीच्या गाडीचें चाक कसें असावें याविषयीं फारसा वाद राहिला नाहीं.

या नटाची एक खुबी अशी आहे कीं ती समजल्यावांचून त्याचें महत्त्व कळत नाहीं. ताशीं शंभर मैल वेगानें फिरणारें चाक एकाच नटावर सोंपवावयाचें, आणि नट तर सैल होण्यासाठींच जन्माला आलेला! मग चालकानें प्राण कशाच्या भरंवशावर ठेवावा? याचें उत्तर आट्यांच्या दिशेंत होतें. चाक फिरतें, पण गाडीचा भार मात्र एकाच बाजूनें येत राहतो. म्हणून चाक व नट जेथें एकमेकांना टेकतात तेथें दाबाचें ठिकाण प्रत्येक फेऱ्यांत एकदां भोंवतालीं फिरून येतें. दोहोंच्या मापांत केसाएवढा फरक असला तरी त्या फिरत्या दाबानें नट रेसभर रेसभर एका दिशेनें सरकत राहतो. रजच्या रचनेंत ही दिशा आवळण्याचीच होईल अशी योजना होती. त्यासाठीं गाडीच्या डाव्या अंगाच्या नटांना नेहमींचे उजवे आटे आणि उजव्या अंगाच्या नटांना उलटे, म्हणजे डावे, आटे ठेवीत. नट सोडावयाचा तो चाकाच्या पुढें जाण्याच्या दिशेनें. मग गाडी जों जों पुढें धांवेल तों तों तो अधिक घट्ट बसावयाचा. ज्यांनीं सायकलीचें डावें पायडल काढण्यासाठीं पाना नेहमींच्या दिशेनें जोर करून पाहिला आणि हात सोलून घेतला असेल, त्यांना याच कुळांतल्या युक्तीचा परिचय झालेला आहे. तेथेंही डाव्या बाजूला उलटे आटे असतात.

म्हणूनच या नटांवर सोडण्याची दिशा दाखविणारा बाण, आणि तो नट कोणत्या अंगाचा तें, कोरलेलें असे. हें कोरीव काम नक्षीसाठीं नव्हतें. दुरुस्तींत कोणीं दोन्ही अंगांचे तुंबे अदलाबदल करून बसविले, तर जी रचना नट घट्ट करीत होती तीच त्याला मैलामैलागणिक सैल करूं लागे. जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांना ही सूचना आजही पहिल्यानें द्यावी लागते. कारण चूक झालेली गाडी अंगणांत उभी असतां अगदीं निर्दोष दिसते.

कालांतरानें या नटाला बाहेरच्या बाजूनें दोन, क्वचित् तीन, कान फुटले, म्हणजे पाना न लावतां हातोड्यानेंच ते ठोकून नट सोडतां किंवा आवळतां येई. धातूवर वण पडूं नयेत म्हणून हातोडा तांब्याचा, शिशाचा किंवा कातड्याच्या तोंडाचा असे. शर्यतींत गाडी थांबली, कीं हातोड्याचे चार घाव, चाक बाहेर, नवें चाक आंत, पुन्हां चार घाव. त्या घावांचा नाद प्रेक्षकांच्या कानांत बसला, आणि कान असलेला तो नट वेगवान गाडीचें लक्षण होऊन बसला. मिलानच्या कार्लो बोरानी यानें १९२२ मध्यें रज-व्हिटवर्थचा परवाना घेऊन इटलींत हीं चाकें करण्यास आरंभ केला. पुढें फेरारीच्या गाड्या कित्येक वर्षें बोरानीच्याच चाकांवर धांवल्या. फ्रान्समध्यें एत्तोरे बुगाती यानें १९२४ मध्यें आपल्या '३५' गाडीला निराळेंच चाक दिलें. तें ॲल्युमिनियमचें ओतीव, आठ चपट्या आऱ्यांचें होतें, आणि ब्रेकचें पिंप त्यांतच सामावलेलें होतें, म्हणजे चाक काढलें कीं ब्रेक तपासणीसाठीं उघडा पडे. त्याच वर्षीं लियोंच्या शर्यतींत टायरांनीं दगा दिल्यामुळें त्याला यश आलें नाहीं. परंतु आज बाजारांत जीं ओतीव चाकें दिसतात त्यांच्या पूर्वजांत त्या चाकाची गणना अवश्य करावी लागेल. तेंही मधल्या एकाच नटानें धरलेलें होतें. ज्या वस्तूवर प्राण सोंपविलेले, तीच डोळ्यांना सर्वांत सुंदर दिसावी, असा तो काळ होता.

पण हें सौंदर्य उघडें होतें, आणि उघडेपणाचीही एक किंमत असते. १४ सप्टेंबर १९२७ च्या रात्रीं फ्रान्समधील नीस शहरीं सुप्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन ही अमिलकार जातीच्या एका लहान उघड्या गाडींत बसली. तिच्या गळ्यांत लांब रेशमी शाल होती. गाडी सुटली, शालीचा शेव मागच्या चाकाच्या तारांत गुंतला, आणि निमिषार्धांत तिचा प्राण गेला. या अपघातांत नटाचा कांहीं दोष नव्हता, हें खरें. तथापि फिरतें चाक हें केवळ गाडींत बसणाऱ्याचें नसून त्याच्या जवळून जाणाऱ्या प्रत्येक वस्त्राचें आणि देहाचें आहे, ही गोष्ट त्या दिवशीं साऱ्या जगाला कळली. शर्यतीच्या मैदानावर कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या प्रेक्षकांना नटाचे कान हें भूषण वाटे. गर्दीच्या रस्त्यांत पायीं चालणाऱ्याला तेच कान म्हणजे पोटरीच्या उंचीवर गरगर फिरणारीं दोन पातीं होतीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चाकांचा स्वतंत्र व्यापार सुरू झाला, आणि कारखान्यानें दिलेलें चाक काढून दुसरें बसविणें ही शर्यतवाल्यांची गरज न राहतां सामान्य तरुणाची हौस बनली. कॅलिफोर्नियांत टेड हॅलिब्रँड यानें विमानांच्या कारखान्यांत परिचयाच्या झालेल्या मॅग्नेशियमचीं चाकें शर्यतीच्या गाड्यांसाठीं ओतलीं. मॅग्नेशियम हलकें खरें, पण तें लवकर गंजतें आणि त्याला जपावें लागतें. म्हणून बाजारांत लवकरच त्याच रूपाचीं ॲल्युमिनियमचीं चाकें आलीं. नांव मात्र 'मॅग व्हील' हेंच चालू राहिलें. १९५६ मध्यें निघालेल्या अमेरिकन रेसिंगसारख्या कंपन्यांनीं हीं चाकें रस्त्यावरच्या सामान्य गाड्यांसाठीं विकलीं. सामान्य गाडीच्या तुंब्याला दांते नव्हते. तेथें चार-पांच नटांचीच रीत होती. तेव्हां चाक धरण्याचें काम मधून कडेला गेलें, आणि मधली जागा मोकळी पडली. मोकळी जागा वाईट दिसते, म्हणून तेथें टोपण आलें. आणि शर्यतीची आठवण राहावी म्हणून कित्येक टोपणांना खोटे कानही आले. खीळ गेली आणि खिळीचें चित्र उरलें.

यानंतर सरकार मध्यें पडलें. राल्फ नेडर याच्या १९६५ च्या पुस्तकानें अमेरिकेंत मोटारींच्या सुरक्षिततेविषयीं मोठी खळबळ उडविली, १९६६ मध्यें कायदा झाला, आणि त्या कायद्याखालीं निघालेल्या पहिल्याच नियमांत २११ व्या क्रमांकाचा एक लहानसा नियम होता. चाकाचे नट, चाकावरच्या तबकड्या व तुंब्यावरचीं टोपणें यांना पंखासारखे पुढें आलेले भाग असूं नयेत, असें त्यानें ठरविलें. १ जानेवारी १९६८ पासून तो अमलांत आला. खरे कान आणि खोटे कान यांत त्यानें भेद केला नाहीं, आणि तें योग्यच होतें. पादचाऱ्याच्या पायाला दोन्ही सारखेच. इंग्लिश कारखान्यांनीं अमेरिकेस जाणाऱ्या गाड्यांच्या नटांचे कान छाटले. नट अष्टकोनी किंवा गुळगुळीत झाले, आणि ते सोडण्यास निराळा पाना लागूं लागला.

या बदलाचें सर्वांत बोलकें उदाहरण शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडींत पाहावयास मिळतें. १९६३ च्या कॉर्व्हेटसाठीं कंपनीनें ॲल्युमिनियमचें, मधल्या एका कानदार नटाचें चाक जाहीर केलें होतें. १९६७ च्या गाडीला जें ॲल्युमिनियमचें चाक मिळालें तें दुरून पाहतां तसेंच दिसे. परंतु तें आतां पांच नटांनीं धरलेलें होतें, आणि ते पांचही नट झांकून टाकणारें एक टोपण मधोमध दाबून बसविलेलें होतें. येऊं घातलेल्या नियमाची छाया त्यावर स्पष्ट आहे. काल ज्या जागीं गाडीचा प्राण होता, त्या जागीं आज त्या प्राणावर घातलेला पडदा आला. खिळीचें टोपण झालें तें येथें. हा २११ वा नियम पुढें १९९६ मध्यें रद्द झाला; परंतु तोंवर एका पिढीच्या डोळ्यांना टोपणाची संवय झाली होती.

हा बदल वाईट झाला, असें मीं म्हणणार नाहीं. पांच नटांपैकीं एक सैल झाला तरी चार उरतात. एकच असला आणि तोच गेला, तर कांहींच उरत नाहीं. रस्त्यावरच्या सामान्य माणसाला हीच व्यवस्था हितकर आहे. परंतु पूर्वीं जें धरीत होतें तें दिसत होतें. आतां जें दिसतें तें कांहीं धरीत नाहीं, एवढा फरक लक्षांत ठेवावयास पाहिजे. आणि तो सर्वांत अधिक लक्षांत ठेवावा तो बाजारांतून चाकें घेणारानें, कारण कारखान्यानें त्याच्यासाठीं केलेला विचार तो चाकाबरोबरच उतरवून ठेवीत असतो.

चाकाच्या मधलें भोंक तुंब्याच्या उंचवट्यावर नीट बसलें पाहिजे. बाजारचीं चाकें पुष्कळ गाड्यांना चालावींत म्हणून हें भोंक मुद्दाम मोठें ठेवलेलें असतें, आणि उरलेली फट एका पातळ कड्यानें भरून काढावी लागते. तें कडें विसरलें तर चाक केवळ नटांवर लोंबकळतें आणि वेगांत गाडी थरथरूं लागते. नट जेथें टेकतात ती बैठक कांहीं चाकांत शंकूसारखी, कांहींत गोलाच्या तुकड्यासारखी असते. शंकूच्या बैठकींत गोल तोंडाचा नट आवळला तर तो घट्ट झाल्यासारखा हाताला लागतो, पण टेकतो मात्र एका बारीक रेघेवर. तो पुढें सैल झाला तर नवल नाहीं. चाक तुंब्याला जेथें चिकटतें ती पाठ मध्यरेषेपासून किती आंत-बाहेर आहे, यावर बेअरिंगवर पडणारा जोर अवलंबून असतो; रुंद चाक दिमाखानें बाहेर काढलें कीं तो जोर वाढतो. आणि नवें चाक बसविल्यावर ८०-१०० किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हां एकदां मापाच्या पान्यानें तपासावे, ही साधी गोष्ट तर हौशी मालक हटकून विसरतो. आपल्या टोपणावरचीं अक्षरें उभीं आहेत कीं आडवीं, याची मात्र त्यानें तपासणी केलेली असते.

एका नटाची रीत सर्वस्वीं लोपलेली नाहीं. शर्यतींत ती चालूच राहिली, आणि तेथें तिचें भय अधूनमधून प्रत्ययास येतें. ७ जुलै २०१३ रोजीं जर्मनींतील नुर्बुर्गरिंग येथें एका गाडीचें मागचें चाक नीट आवळण्यापूर्वींच ती सोडण्यांत आली. चाक निसटलें आणि उड्या घेत जाऊन दूरचित्रवाणीच्या एका कॅमेरावाल्याला लागलें. तो जबर जखमी झाला. रस्त्यावरच्या गाड्यांतही पोर्शेनें २००९ मध्यें आपल्या ९११ जीटी३ ला मधला एक नट पुन्हां दिला. त्याच्या पोटांत नट फिरूं न देणारी एक कळ आहे, आणि त्या कळीवर पुन्हां बोधचिन्हाचें एक लहानसें टोपण आहे. म्हणजे खीळ परत आली तीही टोपणाखालीं.

टोपणानें आपल्या बाजूनें जी मजल मारली आहे ती रोल्स-रॉइसच्या चाकांत पाहावी. २००३ च्या फँटम गाडीपासून तिच्या चाकांच्या मध्यभागीं जें टोपण असतें तें चाकाबरोबर फिरतच नाहीं. त्याच्या खालच्या अंगाला भार ठेवलेला असतो. चाक कितीही वेगानें फिरो, त्यावरचीं दोन अक्षरें सदैव सरळ उभीं असतात. जॉन प्यूच्या नटाला चाकाबरोबर फिरावें लागे, भार सोसावा लागे, आणि फिरतां फिरतांच स्वतःला आवळून घ्यावें लागे. त्याच्या गादीवर आज बसलेला हा वारस फिरण्याच्याही कष्टांतून मुक्त झाला आहे.

अध्यात्मरामायणांतली ती कथा पुन्हां आठवते. दशरथ लढत होता तोंवर कैकेयीचा हात त्याला दिसला नाहीं. शत्रू मारून झाल्यावर त्यानें मागें वळून पाहिलें, तेव्हां कळलें कीं आपण इतका वेळ कशाच्या आधारावर उभे होतों. त्याला विस्मय वाटला आणि त्यानें वर दिले. आपल्या सुंदर टोपणाखालीं पांच नट मुकाट्यानें तेंच काम करीत असतात. ते वर मागत नाहींत. वर्षाकांठीं दोन-चार वेळां टोपण काढून कोणीं तरी त्यांना पाना लावून पाहावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.